लाळ द्यायची की हकिकत?

हे पत्र ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ६२ वर्षांच्या एका ताईंचं आहे. मुलगा-सून अमेरिकेत असतात. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल होईना म्हणून आयव्हीएफ सुरू केलं, दोनदा फसलं, आता तिसऱ्या खेपेला पाच एम्ब्रियो, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेले अगदी सुरुवातीचे गर्भ, फ्रीज करून ठेवलेत. तिकडची एक कंपनी ह्या पाचांचा डीएनए तपासून प्रत्येकाला मार्क देते, डायबेटिसचे किती, हार्टचे किती, स्किझोफ्रेनियाचे किती, उंचीचे किती, अगदी हुशारीचेसुद्धा, आणि ज्याचे मार्क चांगले तो आधी गर्भाशयात सोडायचा. मुलगा डिसेंबरमध्ये येताना किट आणणार आहे, आई-बाबांनी नळीत थुंकून द्यायचं म्हणजे हिशोब जास्त पक्का होतो म्हणे. सोबत फॉर्म आहे आणि त्यात विचारलंय की घराण्यात कुणाला मानसिक आजार होता का.

गोची तिथेच आहे. ताईंचे धाकटे दीर गेली जवळपास ४० वर्षं ह्याच घरात आहेत आणि त्यांना स्किझोफ्रेनिया आहे. मुलाला लहानपणापासून सांगितलंय की काकाचा टायफॉइड डोक्यात गेला. सुनेला तर तेवढंही सांगितलेलं नाही. यजमान म्हणतात थुंकायचंही नाही आणि बोलायचंही नाही. ताई विचारतात, "मी काय करू? देवाच्या कामात ही ढवळाढवळ बरी का? आणि तेव्हा असं मशीन असतं तर आमचे भाऊजी जन्मालाच आले नसते ना?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पण हे पत्र असं नव्हतं की दुपारी चहा घेता घेता दोन कागद खरडून मोकळं व्हावं. चार पानी पत्रात तुम्ही मशीनबद्दल लिहायला बसलात आणि दर पानावर भाऊजीच येतात. सकाळी पितळी वाटीत भस्म घेऊन गच्चीच्या दारात बसतात, कापसातली सरकी न् सरकी वेचतात, चिमटीला भस्म लावून वात वळतात, फुलवाती वेगळ्या आणि लांब वाती वेगळ्या, पन्नासाची जुडी करून दोरा बांधतात. श्रावणात अख्ख्या गल्लीला वाती त्यांच्या हातच्या. आणि ग्वाल्हेरला तर श्रावण दीड महिन्याचा, आधी पंधरा दिवस शेजारच्यांचा सावन लागतो आणि मग आपला, म्हणजे भाऊजींना सीझनच सीझन. मी स्वतः लहानपणी तिकडेच वाढलेय, आता इंदूरला असते, पण ते वाचलं आणि कापसाचा तो तुसासारखा वास नाकात आला बघा. असो. मी बरीच वर्षं शाळेत बायोलॉजी शिकवलंय म्हणून मशीनचंही बोलेन, पण जरा थांबून.

आधी ते "देवाच्या कामात ढवळाढवळ" घेते, कारण असं आणखी खूप जण लिहितात. तुमचं लग्न १९८८ चं. पत्रिका बघितली असेलच. ३६ पैकी किती गुण जुळले ते अजून आठवत असेल, आपल्या पिढीतल्या बायकांना आठवतं. त्या ३६ मधले ८ एकट्या नाडीचे, आणि एकनाडी आली तर काय म्हणायचे, संततीला बाधा. म्हणजे मूल पोटात यायच्या कितीतरी आधी त्या मुलाला मार्क देऊन मोकळे व्हायचे आपले लोक, ते सुद्धा दोन अनोळखी माणसांच्या जन्मवेळेवरून. शिवाय मुलगी गोरी हवी, उंच हवी, घराण्यात कोड नको, वेड नको, चष्मा असला तर आधी सांगा. मी हे कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाहीये, माझं लग्नसुद्धा असंच ठरलं. सांगायचं इतकंच की पुढच्या पिढीची निवड आपण नेहमीच करत आलोय, फक्त ते करणारे गुरुजी ओळखीचे होते म्हणून त्याला निवड म्हटलं नाही. मुलाच्या हातात आता वेगळी पत्रिका आलीय. ती जुन्या पत्रिकेपेक्षा किती खरी आणि ती बघून काय करायचं हे विचारायला हवं. बघायची का, हा प्रश्न आपण केव्हाच मागे टाकलाय.

तर किती खरी? इथे जरा शिकवते, कंटाळू नका. आजार दोन जातीचे असतात असं समजा. थॅलेसेमिया, सिकलसेल ह्यांच्यात एकाच जीनची गडबड असते, आई-बाप दोघं कॅरियर असले, म्हणजे स्वतः आजारी नसून बिघडलेली जीन बाळगून असले, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका, हा हिशोब पक्का, तिथे टेस्ट जे सांगते त्यावर माणूस निर्णय घेऊ शकतो. आपल्या मध्य प्रदेशात आदिवासी पट्ट्यात सिकलसेल इतका आहे की २०२३ च्या १ जुलैला त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन शहडोललाच सुरू केलं. डायबेटिस, हार्ट, स्किझोफ्रेनिया ही दुसरी जात. इथे एक जीन नाही, शेकडो-हजारो जागा, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. २०२२ मध्ये स्किझोफ्रेनियावर एक मोठा अभ्यास छापून आला, ७६ हजारांवर पेशंट, आणि त्यांना डीएनएमधल्या २८७ जागा सापडल्या ज्यांचा आजाराशी संबंध दिसतो. ऐकायला खूप वाटतं ना? पण सगळ्या जागा मिळूनही अमुक माणसाला होणार की नाही हे सांगता येत नाही, आणि ते पेशंट बहुतेक युरोपी नि पूर्व आशियाई वंशाचे. ज्या लोकांवरून स्कोअर बनवला त्यांच्यापेक्षा वेगळ्या वंशाच्या माणसाला लावला की तो ढिला पडतो, हे जेनेटिक्सवाले स्वतःच सांगतात. म्हणजे लष्करातल्या देशस्थाच्या नातवाचं माप युरोपातल्या फूटपट्टीने काढायचं. मुलाने कंपनीला सगळ्यात आधी हेच विचारावं, की तुमच्याकडे भारतीय लोकांचा डेटा किती आहे, आणि उत्तर घोळवायला लागले तर समजून जावं.

दुसरं विचारावं की आकडा कशाचा देताय. "धोका दुप्पट" असं छापलं की पोटात गोळा येतो. स्किझोफ्रेनिया साधारण १०० माणसांत एकाला होतो. ज्याच्या आजोबांच्या सख्ख्या भावाला आहे, म्हणजे तुमचं होऊ घातलेलं नातवंड, त्याचा धोका जुन्या अभ्यासांवरून ढोबळ मानाने १०० मध्ये दोन. झाला ना दुप्पट? पण ९८ जणांना होत नाहीच. अहो, एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये, म्हणजे डीएनए अगदी सारखा, एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता फार तर निम्म्याच्या आसपास असते. उरलेलं काय आहे ते कुठल्याच नळीत थुंकून कळत नाही.

उंची नि हुशारीचं तर विचारूच नका. २०१९ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी हिशोब मांडला की दहा एम्ब्रियोंमधून सगळ्यात वरचा स्कोअर निवडला तर ॲव्हरेज एम्ब्रियोच्या मानाने फायदा किती, तर उंची अडीच सेंटिमीटर आणि आयक्यू अडीच पॉइंट. मग त्यांनी खरोखरची २८ मोठी कुटुंबं घेतली, पोरं मोठी झालेली, आणि बघितलं की ज्याचा उंचीचा स्कोअर सगळ्यात जास्त तोच घरात सगळ्यात उंच आहे का. २८ पैकी फक्त सात घरांत होता. आणि तुमच्याकडे दहा नाहीत, पाचच आहेत. त्यात आणखी एक गंमत, शाळा-कॉलेजात पुढे जाण्याशी जोडलेल्या जागांमधल्या काही बायपोलर नावाच्या मानसिक आजाराचा धोकाही किंचित वाढवताना दिसतात. म्हणजे हुशारीचे मार्क वाढवायला जावं आणि दुसऱ्या खिशातून भलतंच हातात यावं. ते हुशारीचं पान मुलाने उघडूच नये असं माझं मत आहे, कारण एकदा बघितलं की ते विसरता येत नाही. आठवीत गणितात ४२ मार्क पडले की बापाच्या मनात पहिलं तेच येईल, स्कोअर तर चांगला होता.

आपल्याकडे हे चालत नाही हेही सांगून ठेवते, बाकीच्या वाचकांसाठी. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, तो फक्त सोनोग्राफीपुरता आहे असं लोकांना वाटतं, पण एम्ब्रियोची जेनेटिक तपासणीसुद्धा त्यात येते आणि ती ठरावीक आजारांसाठीच करता येते, क्रोमोसोमचे दोष, थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार, तशीच काही. हुशारी-उंची त्यात नाही. तुम्ही लिहिलंय की यजमानांनी फोनवर हळूच विचारलं, "मुलगा की मुलगी तेही कळत असेल ना?" कळतं ताई, अमेरिकेत ते बेकायदा नाही. पण ग्वाल्हेर-चंबळचं नाव लहान मुलींच्या संख्येत मध्य प्रदेशात सगळ्यात खाली जे पट्टे आहेत त्यात येतं, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशाचाच आकडा हजार मुलांमागे ९१८ मुली होता, तेव्हा आपण तरी तो प्रश्न तोंडातून काढू नये. मुलाला सांगा, रिपोर्टमधली ती ओळ आम्हाला कळवू नकोस.

आता तो प्रश्न जो तुम्ही शेवटच्या पानावर, शाई बदलून लिहिलाय. भाऊजी जन्मलेच नसते.

मी ह्यावर बरेच दिवस विचार केला. पाच एम्ब्रियो आहेत, आत एक किंवा दोनच जाणार, तेव्हा निवड तर कुणीतरी करणारच. आजवर डॉक्टर मायक्रोस्कोपमधून बघून जो तजेलदार दिसतो तो उचलत आले. म्हणून स्कोअर बघून एक उचलला म्हणजे भाऊजींना मारलं, असं मला वाटत नाही. पण तुमच्या पोटात जे ढवळतंय ते खोटंही नाही. फॉर्मवर "मानसिक आजार" आणि त्याच्यापुढे चौकोन, त्यात टिक करायची, आणि ज्या माणसाला जवळपास ४० वर्षं जेवू घालताय त्याचं सगळं आयुष्य त्या टिकमध्ये बसवायचं. तो कागद म्हणतोय की असला माणूस पुन्हा नको. चीड येणारच.

पण पत्रात आणखी एक ओळ आहे, कंसात, जणू कुणाला दिसू नये: "खरं सांगू, मी थकलेय." मला तीच ओळ सगळ्यात खरी वाटली. रात्रीच्या गोळ्या, महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायला रिक्षाने नेणं, कारण त्या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, एका वर्षी दिवाळीत भाऊजी दोन दिवस सापडलेच नव्हते ते. आणि मग तुम्हाला अपराधी वाटतं की नातवाला हे होऊ नये असं मला वाटलं म्हणजे भाऊजी मला नको झाले. तसं नसतं हो. माझ्या मामेभावाला पोलिओ झाला होता, कॅलिपर लावून फिरायचा, घरात सगळ्यात लाडका तोच. म्हणून त्याच्या भाच्याला डोस पाजायचा नाही असं आमच्या आजीच्या मनातही आलं नाही, उलट बूथवर पहिला नंबर तिचा. पोलिओ गेला ह्याचा आनंद आणि तो मामेभाऊ, दोन्ही एका घरात मावतात.

मात्र इथे मी स्वतःलाच पकडते. पोलिओच्या डोसाने तेच मूल वाचतं. सिकलसेलवर २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत जीन बदलणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली, तिथेही आजारी माणूस तोच राहतो आणि बरा होतो. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाच्या यकृतातली बिघडलेली जीन खास त्याच्यासाठी बनवलेल्या औषधाने दुरुस्त केली, तेही तेच बाळ. ह्या बातम्या वाचून मला तरी आनंदच होतो. चीनमधल्या हे जियानक्वेइ नावाच्या संशोधकाने २०१८ मध्ये एम्ब्रियोतच जीन बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या तेव्हा जगभर बोंब झाली (पुढे बेकायदा वैद्यकी केली म्हणून त्याला तीन वर्षांची शिक्षाही झाली), कारण त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, गरजही नव्हती आणि बदल पुढच्या पिढ्यांत जाणारा. स्कोअर ह्या कशातच बसत नाही. तो कुणाला बरं करत नाही, तो फक्त म्हणतो की हा नको, तो घ्या. एकाच जीनच्या जीवघेण्या आजारात असं म्हणणं मी समजू शकते, तिथे मुलाचे हाल नक्की माहीत असतात. पण १०० मधल्या दोनाचा दीड करण्यासाठी? युरोपातल्या जेनेटिक्सच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही स्पष्ट म्हटलंय की हे सिद्ध न झालेलं काम आहे, असं विकू नये. मी त्यांच्या बाजूची आहे. तरीही मुला-सुनेने केलं तर मी त्यांना पापी म्हणणार नाही, सहा वर्षं वाट बघितलेली माणसं आहेत ती, कुणी म्हटलं अमुक दिशेला तोंड करून पाणी पी तर तेही करतील.

आता जरा कडू. तुम्हाला बघायला आले त्या दिवशी भाऊजींना झाशीला आत्याकडे पाठवलं होतं, हे तुम्हाला लग्नानंतर कळलं. तेव्हा ते २१-२२ चे. आजार सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत दर्गा झाला, झाडफूंक झाली, कुणी सांगितलं म्हणून हातात ताईत आले, डॉक्टर मात्र झाला नाही, कारण डॉक्टरकडे नेलं की गल्लीत कळणार आणि मोठ्याचं लग्न अडणार. नव्या सुनेने, म्हणजे तुम्ही, आणखी एक वर्ष भांडून त्यांना पहिल्यांदा डॉक्टर दाखवला. ताई, ह्या एका गोष्टीसाठी मी तुमच्या पाया पडेन. आणि मग २०१९ ला तुमच्याच मुलाच्या लग्नात भाऊजींना दोन दिवस "ताप" आला आणि ते पुन्हा झाशीला. हे तुम्हीच लिहिलंय आणि तिथे अक्षर बारीक झालंय.

ह्या आजारात पहिली लक्षणं दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका वेळ जातो तितकं पुढचं अवघड होत जातं, हे आता डॉक्टर सगळीकडे सांगतात. भाऊजींची तीन वर्षं गेली. त्यांचं कॉलेज सुटलं त्यातलं किती जीन्समुळे आणि किती त्या तीन वर्षांच्या झाकाझाकीमुळे, कोण सांगणार? म्हणून मला विचाराल तर लाळ देऊ नका, हकिकत द्या. मी तुमच्या जागी असते तर नळीत थुंकले नसते, पण बोलले असते.

लाळेचं कारण साधं आहे. तुमची लाळ एकट्या तुमची नाही, तीत तुमची भावंडं, भाचरं सगळे अर्धे-पाव आहेत, यजमानांच्या लाळेत तर भाऊजीच आहेत. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एक जुना खुनी पकडला तो नात्यातल्या लोकांनी हौसेने वेबसाइटवर टाकलेल्या डीएनएवरून, चांगलंच झालं, पण कसं होतं ते कळलं ना? लाळेवरून डीएनए तपासणाऱ्या २३अँडमी नावाच्या मोठ्या कंपनीच्या ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, लोक धावत सुटले आपला डेटा पुसायला. पासवर्ड बदलता येतो, हे नाही बदलत. बाकी ज्यांना कुणाला असं किट आलं असेल त्यांनी थुंकायच्या आधी एवढं तरी लेखी विचारावं की नमुना किती वर्षं ठेवणार, कंपनी विकली गेली तर तो कुणाचा, आणि पुसा म्हटलं तर पुसणार का.

आणि हकिकतीचं कारण म्हणजे सून. पोटात इंजेक्शनं तिने घेतलीत, दोनदा रडलीय ती, मूल तिचं असणार, आणि ज्या घरात तिने ते जन्माला घालायचं त्या घराबद्दल तिला जी गोष्ट कळायला हवी ती एका फॉर्मला कळणार आणि तिला नाही? किंवा फॉर्मवर "नाही" लिहून देणार? मग तो हजारो डॉलरचा स्कोअरही खोटाच. उलट खरं सांगितलं तर तिच्या हाती असं काही येतं जे स्कोअर देऊ शकत नाही. मूल १६-१७ चं झालं, एकदम खोलीत कोंडून घ्यायला लागलं, झोप उडाली, कानात बोलतात म्हणायला लागलं, तर ती म्हणणार नाही की वय आहे, होईल ठीक. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेईल. त्याला वेळेवर सांगेल की गांजाच्या वाटेला जाऊ नकोस, इतरांचं चालेल न चालेल, आपल्या घरात अजिबात नाही, कारण ज्यांच्यात आधीच कल असतो त्यांच्यात गांजाने हा आजार उफाळतो हे बऱ्यापैकी ठाऊक झालंय. काकांना कुठली गोळी लागू पडली हेसुद्धा डॉक्टरला उपयोगी. आणि तिकडे जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारे, असतात, कंपनीच्या पगारावर नसलेला एखादा गाठा म्हणावं, घराण्याची खरी माहिती घेऊन बसलं की तासाभरात तो सगळ्या मार्कांचा अर्थ सांगेल.

फक्त सांगताना आजाराचं नाव सांगून थांबू नका. वातीही सांगा, दिवाळीचे ते दोन दिवसही सांगा, थकवाही सांगा. आणि वातींवरून त्यांचं मोल ठरवू नका, कारण काही घरांत भाऊजी नुसते बसून असतात, काहीच करत नाहीत, आणि तेही तितकेच घरचे असतात.

यजमानांचं मी काय सांगू, मी त्यांना ओळखत नाही आणि तुम्ही चांगलं ओळखता. एवढंच की तो त्यांचा सख्खा भाऊ आहे आणि त्याला झाशीच्या गाडीत बसवून द्यायला दोन्ही वेळा स्टेशनवर तेच गेले होते. माणूस चिडतो तेव्हा दरवेळी रागच असतो असं नाही.

शेवटी एक विचारते. चार पानांत मुलगा काय म्हणतो ते आहे, सून, यजमान, नणंद, अगदी शेजारच्या वकीलसाहेबांचंही मत आहे. भाऊजी काय म्हणतात ते कुठेच नाही. त्यांना विचारलंत? आजार त्यांचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क पेशंटला दिलाय, तो डॉक्टर-हॉस्पिटलांवर बंधन म्हणून आहे, वहिनीवर नाही, पण मुलाला-सुनेला सांगण्याआधी त्यांना विचारणं मला तरी बरोबर वाटतं. तुम्हीच लिहिलंय की गोळ्या नीट चालू असल्या की ते सगळं समजतात, दूधवाल्याचा हिशोब तोंडपाठ असतो, फक्त समोर बसून डोळ्यात बघून विचारलं की गडबडतात. मग तसं नका विचारू. सकाळी वाटी घेऊन शेजारी बसा, चार वाती तुम्हीही वळा आणि वळता वळता सांगा की पोरगा येतोय, त्यांचं असं असं चाललंय, सुनेला तुमच्या आजाराचं सांगू का. उत्तर त्याच दिवशी येईल असं नाही. दोन दिवसांनी भलत्याच वेळी येईल. नाही म्हणाले तर का ते ऐकून घ्या आणि सुनेला का कळायला हवं तेही त्यांना सांगा, परत विचारा, डिसेंबरला अजून वेळ आहे. मग मुलाला फोन करून सांगा की किट आणू नकोस, त्यापेक्षा दोघं या.

आणि ते येतील तेव्हा झाशीचं तिकीट काढू नका. डिसेंबरात ग्वाल्हेरला बोटं आखडतात, वात नीट वळली जात नाही, भाऊजींना गच्चीवर उन्हात सतरंजी टाकून द्या आणि सुनेला त्यांच्या शेजारी बसवा. कापूस निवडायला तिलाही जमेल.